पराधीन प्रतिमांचे पुनर्वाचन

हिंदुस्थानात चित्रित झालेल्या आणि आजही पाहता येणाऱ्या चित्रफितींमध्ये सर्वांत जुनी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती चित्रफीत १८९९ सालची आहे. लंडनच्या वॉरविक ट्रेडिंग कंपनीने ती प्रसृत केली आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या राष्ट्रीय संग्रहात ती जतन झाली आहे. कॅमेरा नावेत ठेवलेला आहे आणि नाव संथपणे पुढे सरकते आहे. काठावरच्या पायऱ्या, इमारती, पाण्याशी आलेली माणसे एकामागून एक दृष्टीसमोर येतात आणि मागे जातात. चित्रफितीचे शीर्षक ‘पॅनोरमा ऑफ कलकत्ता’ असे आहे. पडद्यावर दिसणारे शहर मात्र कलकत्ता नव्हे. ते काशीचे घाट आहेत.

शीर्षकातली ही चूक एखाद्या कारकुनाची नजरचूक म्हणून सोडून देता येईल. परंतु ती ज्या सहजतेने झाली आणि खपून गेली, ती सहजता वासाहतिक चित्रपटाच्या स्वभावाचाच एक भाग आहे. ज्या प्रेक्षकासाठी ही चित्रफीत विकली जात होती, त्याच्या लेखी काशी आणि कलकत्ता यांत फरक असण्याचे कारण नव्हते. त्याला ‘पूर्व’ पाहावयाची होती आणि ती त्याला मिळाली. काठावरच्या माणसांची नावे नोंदवून ठेवण्याचा प्रश्न तर उद्भवलाच नाही.

त्याच वर्षी मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे १९०१च्या डिसेंबरात मुंबईस परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रीकरण सावेदादांनी केले. एका हिंदी माणसाने आपल्या लोकांसाठी टिपलेला आपल्याच माणसाचा तो गौरव होता. आज ती चित्रे नाहीत. सावेदादांची कुस्ती गेली आणि चुकीच्या नावाची काशी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभीचे हिंदी जीवन ज्याला पडद्यावर हलताना पाहावयाचे असेल, त्याला ते बव्हंशी राज्यकर्त्याच्या, व्यापाऱ्याच्या, मिशनऱ्याच्या किंवा एखाद्या हौशी साहेबाच्या कॅमेऱ्यातूनच पाहावे लागते. आशिया-आफ्रिकेतील इतर अनेक वसाहतींची स्थिती याहून निराळी नाही. गेल्या सुमारे चाळीस वर्षांत निरनिराळ्या देशांतील काही चित्रपटकारांनी आणि दृश्यकलावंतांनी या जुन्या चित्रफिती हाती घेऊन त्यांतून नव्या कलाकृती घडवल्या. त्यांच्या मुळाशी ही अगतिकता आहे.

मूळ ग्रंथ आणि त्यावरील टीका हे नाते मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला चांगले परिचित आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका असूनही स्वतंत्र काव्य आहे, हे आपण गृहीतच धरतो. परंतु तेथे टीकाकाराची मूळ ग्रंथावर श्रद्धा आहे. येथे भाष्यकाराचा मूळ संहितेवर विश्वासच नाही आणि तरीही तिच्यावाचून त्याचे चालत नाही. कारण पराधीन माणसांचे चेहरे त्याच संहितेत अडकून पडले आहेत. अविश्वासापोटी लिहिलेल्या या भाष्याला यश केव्हा येते? साम्राज्याचा निषेध किती तीव्र आहे, या मापाने ते मोजता येत नाही. साम्राज्य मावळून गेल्यावर त्याचा निषेध करणे फारसे अवघड नसते, आणि तो ऐकून प्रेक्षक स्वतःला निर्दोष समजून घरी जातो. कसोटी निराळी आहे: चौकटीतल्या त्या निनावी माणसाला नवी कलाकृती किती वेळ देते, आणि त्या वेळात प्रेक्षकाच्या कानावर कोणाचा शब्द पडतो.

चित्रफीत तिच्या कर्त्याच्या हेतूविरुद्ध वाचली जाते, याचा एक दाखला या कलावंतांच्या फार पूर्वीचा आणि मराठी वाचकाला जवळचा आहे. १९११च्या डिसेंबरातील दिल्ली दरबाराचे वैभव टिपण्यासाठी कॅमेरे लावलेले होते; चार्ल्स अर्बन याने तर तो सोहळा ‘किनेमाकलर’ या पद्धतीने रंगांत चित्रित करून १९१२ साली लंडनमध्ये दाखवला. या दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी बादशहापुढे जेमतेम एकदा लवून पाठ फिरवली, असा गवगवा झाला. इंग्रजी वृत्तपत्रे खवळली, महाराजांना लेखी दिलगिरी द्यावी लागली, आणि त्या प्रसंगाची चित्रफीत लंडनच्या चित्रगृहांतून दाखवली गेली. इंग्रज प्रेक्षकाने त्या काही क्षणांत उर्मटपणा पाहिला. राष्ट्रीय वृत्तीच्या हिंदी माणसाने त्याच हालचालीत स्वाभिमान पाहिला. खुद्द महाराजांचे म्हणणे, आपण गडबडून गेलो, असे होते. चित्रफीत यांपैकी कोणाच्याच बाजूने निर्णय देत नाही. एक मनुष्य पुढे येतो, लवतो, वळतो, निघून जातो. बाकीचे सारे अर्थ तिच्या अवतीभवतीच्या शब्दांनी तिच्यात घातलेले आहेत. पुढील काळातील कलावंतांनी जे केले, त्याचे बीज या प्रसंगात आहे असे म्हणता येईल. प्रतिमा तीच ठेवून तिची गती, तिचा क्रम आणि तिच्या सोबतचा शब्द त्यांनी बदलला.

गतीच्या अंगाने विचार करता येर्वांत जानिकियान आणि आंजेला रिच्ची लुक्की या इटलीतील दांपत्याचे काम प्रथम नजरेत भरते. लुका कोमेरिओ (१८७८-१९४०) या इटालियन चित्रणकाराचा जुना संग्रह त्यांना मिलानमध्ये हाती लागला. नायट्रेटच्या त्या फिती झिजत, विरघळत चालल्या होत्या. या दोघांनी स्वतः एक यंत्र तयार केले, त्याला ते ‘विश्लेषक कॅमेरा’ म्हणत. आणि त्यातून एकेक चौकट हाताने पुढे सरकवीत तिचे पुन्हा चित्रण केले. कोठे गती मंदावली, कोठे चौकटीचा एखादाच भाग मोठा केला, कोठे रंगाची छटा दिली. यातून १९८६ साली ‘ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत’ हा दीड तासाहून अधिक लांबीचा चित्रपट तयार झाला. त्यात निवेदन नाही, केवळ संगीत आहे. हे शीर्षकही कोमेरिओच्याच एका जुन्या संकलनाचे आहे. मूळ ग्रंथाचे नाव तसेच ठेवून त्यावर भाष्य लिहावे, तसा हा प्रकार आहे.

आगगाडी डोंगरांतून जाते, बर्फाळ प्रदेशात अस्वलाची शिकार होते, कॉकेशस, हिंदुस्थान, आफ्रिका असे प्रदेश येतात, आणि अखेरीस पहिल्या महायुद्धातले सैनिक येतात. आफ्रिकेच्या भागात एक ख्रिस्ती जोगीण लहान मुलांना क्रूसाची खूण करण्यास शिकवते. नेहमीच्या गतीने पाहिले तर मिशनच्या वर्गणीदारांना गहिवर यावा, असे हे दृश्य. मंद गतीत मात्र त्यातला गोडवा निथळून जातो. तेवढ्या संथपणे हात वरखाली होऊ लागले म्हणजे ही खूण कोणाच्या इच्छेने होत आहे, हा प्रश्न पडण्याइतका अवधी प्रेक्षकाला मिळतो. शिकारीची दृश्ये आणि रणांगण यांना एका ओळीत बसविल्यामुळे दुसरेही एक नाते उघडे पडते: दूरच्या प्रदेशात जनावरांवर रोखलेली बंदूक युरोपात परत आलेली दिसते. हे कोणी शब्दांत सांगत नाही. क्रमच ते सांगतो.

या चित्रपटावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो सहजासहजी खोडून काढता येणार नाही. विरघळलेल्या फितीवरचे डाग, त्यावर चढवलेल्या लाल-निळ्या छटा, स्वप्नवत मंद हालचाल, हे सारे अतिशय सुंदर आहे. कधी कधी इतके सुंदर, की मरणाऱ्या जनावराच्या ठिकाणी केवळ रंगाचा खेळ उरतो. आस्वादाची ही सुखदता आणि विषयाची क्रूरता यांचा मेळ कलावंतांना सर्वत्र घालता आला आहे, असे वाटत नाही. याच दोघांचा २००१ सालचा ‘पूर्वेची चित्रे : विध्वंसक पर्यटन’ हा चित्रपट या दृष्टीने अधिक कठोर आहे. त्याचे साहित्य १९२०च्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्थानात हिंडून गेलेल्या धनिक पाश्चात्य प्रवाशांच्या चित्रीकरणाचे आहे. तेथे निरीक्षणाचा विषय ‘नेटिव’ न राहता त्याला पाहावयास आलेला प्रवासी हाच होतो.

गती मंदावणे हे तंत्र स्वभावतः निर्दोष नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. ब्रिटिश सरकारने १९३९ साली स्थापन केलेले आणि १९५५पर्यंत चाललेले ‘कलोनियल फिल्म युनिट’ आफ्रिकी प्रेक्षकांसाठी चित्रपट काढीत असे. त्याचा सूत्रधार विल्यम सेलर्स हा पूर्वी नायजेरियात आरोग्य खात्यात होता. अशिक्षित आफ्रिकी माणसाला चित्रपटाची भाषा कळत नाही, म्हणून गती संथ ठेवावी, कॅमेऱ्याच्या करामती टाळाव्यात, दृश्ये सरळ एकामागून एक यावीत, असे त्याचे नियम होते. त्याला तो ‘विशेष तंत्र’ म्हणे. तेव्हा संथपणा साम्राज्यालाही ठाऊक होता. सेलर्सला तो समोरचा प्रेक्षक मंद वाटला म्हणून हवा होता. जानिकियान आणि रिच्ची लुक्की यांना तो हवा आहे, कारण सुशिक्षित युरोपीय प्रेक्षकाने ही चित्रे पूर्वी नीट पाहिलेलीच नाहीत.

शब्दाच्या अंगाने या परंपरेतील सर्वांत महत्त्वाची कलाकृती म्हणजे व्हिन्सेंट मोन्निकेन्डाम या डच चित्रपटकाराची ‘कासवासारखी दाओमाता’ (१९९५) ही होय. आजचा इंडोनेशिया तेव्हा डच ईस्ट इंडीज होता. तेथील मळे, कारखाने, मिशन आणि सरकारी उपक्रम यांची महती मायदेशातील लोकांना कळावी, म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-साडेतीन दशकांत तेथे विपुल चित्रीकरण झाले. त्या प्रचंड साठ्यातून निवडलेल्या दृश्यांचा हा दीड तासाचा चित्रपट आहे. त्यातून मूळच्या डच पाट्या गेल्या आहेत आणि त्यांच्या जागी दुसरे निवेदनही आलेले नाही. त्याऐवजी ऐकू येतात त्या इंडोनेशियातील भाषांतल्या कविता आणि गाणी.

आरंभी निआस बेटावरील सृष्टीच्या उत्पत्तीची कथा येते. दाओमातेने आपल्या अंगावरचा मळ गोळा केला, गुडघ्यावर मळून त्याचा गोळा केला, आणि तो गोळा म्हणजे हे जग झाले. पुढे पुरुषावाचून तिला गर्भ राहिला आणि एक मुलगा व एक मुलगी अशी पहिली माणसे जन्मली. पार्वतीने अंगाच्या मळापासून गणपती घडवल्याची कथा लहानपणापासून ऐकलेल्या वाचकाला या कल्पनेची ओळख पटण्यास वेळ लागणार नाही. कथा संपते आणि त्या जगात यंत्रे, मोजणारे अधिकारी, तंबाखूचे मळे आणि रांगेत उभे केलेले मजूर दिसू लागतात. मूळ चित्रीकरणात मजुरांची रांग ही सुव्यवस्थेची खूण होती. कंपनी आपल्या माणसांची नोंद कशी चोख ठेवते, हे भागधारकांना दाखवावयाचे होते. दाओमातेच्या कथेनंतर तीच रांग पाहताना या माणसांनाही एक उगम होता, त्यांचे स्वतःचे एक जग होते, हे विसरता येत नाही. चित्रातला एकही ठिपका बदललेला नाही. बदलली आहे ती पाहणाऱ्याची स्मृती.

येथे प्रतिनिधित्वाचा एक नाजूक प्रश्न उभा राहतो. कोणाच्या वतीने कोण बोलतो, हा प्रश्न दलित साहित्याच्या चर्चेमुळे मराठी वाचकाला नवा नाही. मोन्निकेन्डाम हा राज्यकर्त्यांच्या देशातला आहे. त्याने स्वतःच्या भाषेत पश्चात्तापाचे निवेदन लिहिले असते, तर पुन्हा एकदा डच भाषाच त्या माणसांविषयी बोलत राहिली असती; पूर्वी कौतुकाने बोलली, आता खेदाने बोलली, एवढाच फरक. त्याने आपली भाषा मागे घेतली. कविता चित्राचे वर्णन करीत नाहीत, बहुधा चित्राविषयी बोलतही नाहीत. त्या त्याच्या बाजूने वाहतात. डच प्रेक्षकाला त्या अनुवादावाचून कळत नाहीत आणि तेवढ्यापुरता तरी तो परका ठरतो.

या चित्रपटाचा दुबळेपणा त्याच्या ध्वनीत आहे. मूळ फिती मूक असल्याने यंत्रांचे, पावलांचे, पाण्याचे आवाज नव्याने तयार करून चित्रांना जोडले आहेत. हे काम इतके बेमालूम झाले आहे की काही ठिकाणी आपण कंपनीची जाहिरात पाहत आहोत, हेच प्रेक्षक विसरतो आणि कारखान्यात प्रत्यक्ष उभे असल्याचा भास त्याला होतो. जेथे कविता येते, तेथे चित्र आणि आवाज यांत फट राहते आणि त्या फटीतून विचार शिरतो. जेथे घणाच्या चित्राला घणाचा आवाज मिळतो, तेथे ती फट बुजते.

फिओना टान हिच्या ‘फेसिंग फॉरवर्ड’ (१९९९) या अकरा मिनिटांच्या कृतीतही डच संग्रहातीलच दृश्ये आहेत. ती स्वतः इंडोनेशियात जन्मलेली आणि ॲम्स्टरडॅममध्ये स्थिरावलेली असल्याने मोन्निकेन्डामपुढची अडचण तिच्यापुढे वेगळ्या रूपात येते. ती दोन्हीकडची आहे. समूहचित्रासाठी उभी केलेली माणसे कॅमेऱ्याकडे पाहत राहतात. त्यांच्यात हँडल फिरवणारा एक कॅमेरामनही मध्येच दिसतो, आणि पाहणारा कोण व दिसणारा कोण याचा उलगडा नेमका तेथेच अवघड होतो. सोबत इटालो काल्व्हिनोच्या ‘अदृश्य नगरे’ या कादंबरीतील मार्को पोलो आणि कुबलाई खान यांचा संवाद ऐकू येतो. सम्राट आपले साम्राज्य प्रवाशाच्या वर्णनातूनच ओळखतो, या कल्पनेचा असा उपयोग करावयास चांगली वाङ्मयीन जाण लागते.

कंबोडियाच्या रिथी पानने ‘फ्रान्स ही आपली मातृभूमी’ (२०१५) या चित्रपटात नेमका उलटा मार्ग घेतला. त्याने मूकपटातल्यासारख्या पाट्या परत आणल्या आणि त्यांत साम्राज्याच्याच फुशारकीची भाषा उपरोधाने घातली. पहिली काही मिनिटे हा उपरोध धारदार वाटतो. पुढे पाटी येण्यापूर्वीच ती काय म्हणणार याचा अंदाज येऊ लागतो, आणि उपरोधाचा अंदाज येणे हे त्याला मारकच ठरते.

हिंदुस्थानातील दृश्यसामग्रीवरचे या प्रकारचे एक ठळक काम म्हणजे संध्या सुरी हिचा ‘अराउंड इंडिया विथ अ मूव्ही कॅमेरा’ (२०१८). ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहातील १८९९ ते १९४७ या काळातल्या फितींतून तो रचलेला आहे. प्रवासपट, मिशनची चित्रे, संस्थानिकांचे समारंभ आणि साहेबांच्या घरगुती फिती यांची ही गुंफण आहे. सौमिक दत्त या सरोदवादकाचे संगीत तिला आहे. संध्या सुरीने ‘आय फॉर इंडिया’ (२००५) या अनुबोधपटात आपल्या वडिलांच्या घरगुती फितींतून एका स्थलांतरित कुटुंबाची कहाणी उभी केली होती. घरगुती चित्रीकरणातला जिव्हाळा आणि त्यातले न बोललेले दुःख तिला उत्तम कळते. त्यामुळे साहेबाच्या बंगल्यातली आया किंवा नोकर चौकटीच्या कडेला क्षणभर दिसून जातात, तेव्हा नजर त्यांच्याकडे वळते. मात्र संगीताचा प्रवाह बहुतेक वेळ अखंड चालू राहतो आणि ते संगीत सुरेल आहे. समारंभ, सण, बाजार, शाळा, पाळणाघर हे सारे त्या एका सुरात एकमेकांत मिसळते. राज्यकर्ता आणि रयत यांच्यामधले अंतर ऐकू येईनासे होते. रसिकाला चित्रपट आवडतो आणि त्याला फारसा त्रास होत नाही. दिल्लीच्या ‘रक्स मीडिया कलेक्टिव्ह’ने १९११ सालच्या एका छायाचित्रावर केलेली ‘ॲन आफ्टरनून अनरजिस्टर्ड ऑन द रिक्टर स्केल’ (२०११) ही छोटी, निःशब्द कृती या दृष्टीने अधिक काटेकोर म्हणावी लागेल. छायाचित्रात कलकत्त्याच्या सर्व्हे खात्यातील माणसे टेबलांवर वाकून काम करीत आहेत. कलावंत त्यात अगदी थोडे फेरफार करतात: पंखा फिरू लागतो, कागदावर तारे उमटतात, खिडकीबाहेर वाळवंटातला तांडा दिसतो. साम्राज्याचे नकाशे काढणाऱ्या हिंदी नोकरदाराच्या मनात त्या दुपारी काय चालले असेल, याची कोणत्याही दप्तरात नोंद नाही. ही कृती नोंदीची ती रिकामी जागा तशीच दाखवते.

ओन्येका इग्वे या लंडनच्या, मूळच्या नायजेरियन घराण्यातील कलावंत स्त्रीने सेलर्सच्या युनिटचा वारसा घेऊनच आपली चित्रे घडवली. ‘स्पेशलाइज्ड टेक्निक’ (२०१८) या कृतीच्या नावातच सेलर्सची परिभाषा आहे. त्या युनिटने अभ्यासाचा नमुना म्हणून टिपलेली आफ्रिकी नृत्ये ती पुन्हा दाखवते, परंतु नाचणाऱ्या देहात पुन्हा जीव यावा या धडपडीने. पुढे २०२०च्या ‘नो आर्काइव्ह कॅन रिस्टोअर यू’ या जेमतेम सहा मिनिटांच्या कृतीत तिने आणखी एक पाऊल टाकले. लागोसच्या इकोयी रस्त्यावरील नायजेरियन फिल्म युनिटच्या ओसाड इमारतीत कॅमेरा हिंडतो. धूळ, जळमटे, बंद पडलेली घड्याळे, गंजलेले फिल्मचे डबे. डब्यांतली चित्रे पडद्यावर येत नाहीत. त्यांचे नुसते सूचन आवाजांतून होते. इतर कलावंत त्या माणसांकडे नीट पाहा असे म्हणतात. इग्वे विचारते, की पुन्हा पाहण्याचा हक्क तरी आपल्याला कोणी दिला? ज्याने एकदा इच्छेविरुद्ध कॅमेऱ्यापुढे उभे राहून घेतले, त्याला दर पिढीने नव्या सद्‌हेतूने पुन्हा उभे करावे काय? गतीविषयी आणि शब्दाविषयी वर जे म्हटले, त्याला हा प्रश्न छेद देतो. त्याचे समाधानकारक उत्तर जानिकियान किंवा मोन्निकेन्डाम यांच्या कृतींत सापडत नाही.

न दाखवता दाखवण्याची ही रीत सावेदादांच्या हरवलेल्या चित्राला कदाचित सर्वांत जवळची ठरेल. ती कुस्ती आज पाहता येत नाही, परंतु ती कोठे झाली हे ठाऊक आहे, आणि लढणाऱ्या दोघांची नावेही नोंदलेली आहेत: पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी. काशीच्या फितीत माणसे दिसतात, आणि त्यांपैकी एकाचेही नाव कोठे नाही.